गर्दीची शेगडी आणि ग्राहकाचे मौन

पुण्या-मुंबईकडे, आणि अलीकडे नाशिक-नागपूरसारख्या शहरांतही, शनिवारी संध्याकाळी ज्या उपाहारगृहांच्या दाराशी लांब रांग दिसते, त्यांत टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी मांडणारी ‘ग्रिल’ची उपाहारगृहे हटकून असतात. माणशी ठरावीक रक्कम द्यावी आणि पोट भरेपर्यंत खावे, असा तेथील करार असतो. मुलाचा वाढदिवस, पहिला पगार, कचेरीतील कोणाची बढती अशा निमित्तांनी, महिन्याच्या खर्चातून थोडे बाजूला काढून, मध्यमवर्गीय कुटुंबे तेथे जातात. परतताना मात्र त्यांतील कित्येकांच्या बोलण्यात तृप्तीपेक्षा चडफडाटच अधिक असतो.

तक्रारींचे स्वरूपही ठरून गेल्यासारखे आहे. जागा राखून ठेवलेली असूनही पाऊण तास ताटकळावे लागते. शेगडी येते ती राखेखाली निपचित पडलेले निखारे घेऊन. कोळंबीची सळई एकदा दर्शन देते आणि नंतर बटाटा, मका व अननस यांचीच आवर्तने सुरू होतात. कोंबडीचा तुकडा बाहेरून करपलेला आणि आतून कोरडा. पाणी मागावे तर वाढपी दिसत नाही. गोड पदार्थाकडे वळावे तर तोच वाढपी बिलाची वही घेऊन उभा, कारण पुढच्या पाळीची माणसे दाराशी खोळंबलेली असतात.

हा सारा स्वयंपाक्याचा आळस किंवा वेटरचा उद्दामपणा आहे, असे मानले म्हणजे राग काढण्यास माणूस सापडतो. पण खरा प्रकार त्याहून निराळा आहे. एरवीच्या उपाहारगृहात आपला पदार्थ खपावा, अशी मालकाची इच्छा असते. एकरकमी जेवणात तो खपू नये, अशी त्याची इच्छा होऊ लागते. ग्राहकाने माणशी रक्कम कबूल केली की पुढच्या प्रत्येक घासाची किंमत त्याच्यापुरती शून्य होते. मालकाला मात्र प्रत्येक सळई मोजूनच पडते. एकाच टेबलावरच्या यजमानाचे आणि पाहुण्याचे हित असे एकमेकांच्या विरुद्ध दिशांना ओढू लागते. अशा वेळी जे काम किंमत करीत नाही ते विलंब करतो. रेशनच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या पिढीला हे वेगळे सांगावयास नको. घटत्या सीमांत उपयोगितेचा जो नियम महाविद्यालयात आंब्यांचे किंवा पोळ्यांचे उदाहरण घेऊन शिकविला जातो, तो या मालकांना न शिकविताच अवगत असतो: आधी बटाटा वाढावा, म्हणजे मटण येईपर्यंत भुकेची धार बोथट झालेली असते.

चवीचे म्हणाल, तर शेगडीवरचे मांस ही घाईची वस्तूच नव्हे. तुकड्याचा पृष्ठभाग सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या वर तापला म्हणजे त्यावर खरपूस तांबूस कवच धरते. कोंबडीचा गाभा ७४ अंशांपर्यंत गेला म्हणजे ती खाण्यास निर्धोक होते. आणि तेथून पुढे प्रत्येक मिनिटाला तिच्यातला रस कमी होत जातो. ही वेळ साधण्यासाठी कोणीतरी सळईवर नजर ठेवून उभे असावे लागते. मोहम्मद अली रोडवर रमजानच्या रात्री पदपथालगत पंख्याने निखारा फुलविणाऱ्या कबाबवाल्याला हे साधते, कारण त्याची शेगडी, त्याची सळई आणि त्याचे गिऱ्हाईक ही तिन्ही त्याच्या एका नजरेत मावतात. एका पाळीत दीडदोनशे माणसे जेवू घालणाऱ्या भटारखान्याला ते कसे साधावे? तेथे तुकडे आधीच शिजवून ठेवतात आणि टेबलावर फक्त ऊन करतात. शेगडी मग चूल राहत नाही. ती देखावा होते.

तरीही रांग का हटत नाही? शिकागो विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९९१ साली उपाहारगृहांच्या किमतींविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध केले होते. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे मासळीचे एक उपाहारगृह होते. तेथे जागा राखून ठेवता येत नसे आणि मोठी रांग लागे. रस्त्याच्या पलीकडे तशाच जेवणाचे, किंचित महाग असे दुसरे होते. तेथील बऱ्याच खुर्च्या रिकाम्या असत. एवढी रांग असताना पहिला मालक भाव का वाढवीत नाही, असा बेकर यांचा प्रश्न होता. काही वस्तूंची मागणी इतर किती जण त्या मागतात यावरही अवलंबून असते, असे त्यांचे उत्तर होते. रांग हीच तेथे जाहिरात असते; भाव वाढवून ती तुटली, तर थोडीथोडी न ओसरता एकदम नाहीशी होण्याचे भय असते.

आपल्याकडचा शेगडीवालाही भाव वाढविण्यास असाच कचरतो. खर्च मात्र थांबत नाहीत. सर्वसाधारण उपाहारगृहांवरील वस्तू व सेवा कर १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के झाला, याचे ग्राहकांना समाधान वाटले. पण त्याच दिवसापासून भाडे, यंत्रसामग्री यांवर भरलेल्या कराची वजावट मालकाला मिळेनाशी झाली, याची चर्चा फारशी झाली नाही. हा भार कोठेतरी मुरवावा लागतोच. दारावरचा भाव साऱ्या गावाला दिसतो. तुकड्याचा आकार फक्त जेवणाऱ्याला दिसतो, आणि तोही आत जाऊन बसल्यावर.

येथे अल्बर्ट हिर्शमन यांच्या १९७० मधील ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथाची आठवण होते. नापसंती दाखविण्याचे दोन मार्ग ते सांगतात: निघून जाणे आणि बोलणे. मालमोटारींची स्पर्धा असूनही नायजेरियाची रेल्वे सुधारेना, कारण ज्यांनी आरडाओरड केली असती तेच ग्राहक मालमोटारींकडे निघून गेले होते. त्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. सारेच विक्रेते सारखेच निकृष्ट असतील, तर एकाचे नाराज ग्राहक दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचे पहिल्याकडे, असे नुसते फिरत राहतात. कोणाचाच गल्ला आटत नाही आणि कोणालाच धडा मिळत नाही. शहरातील ग्रिलच्या धंद्याला हे वर्णन तंतोतंत लागू पडावे. त्यातून येथे कचेरीच्या मेजवान्या पुष्कळ. तेथे खाणारा एक आणि पैसे देणारा दुसराच असतो.

याउलट गिरणगावातील खाणावळ पाहावी. ज्या खाणावळवाल्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, त्यांच्याकडे कामगार महिन्याच्या बोलीवर जेवत. त्या जेवणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जागा कोंदट आणि भाजी बेताचीच असे. परंतु आमटी पातळ झाली तर बाईंना ते त्याच रात्री ऐकावे लागे, आणि डाळ महागली आहे, हे बाईंनाही तोंडावर सांगता येई. माणूस उद्या पुन्हा त्याच पाटावर बसणार, हे दोघांनाही ठाऊक असे. वर्षातून एकदा वाढदिवसाला येणाऱ्या कुटुंबाचा असा धाक कोणाला असणार?

कायद्याची मदत मर्यादित आहे. बिलात सेवा आकार आपोआप जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. उपाहारगृहचालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे उचलून धरली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागण्याची सोय आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाकडे शुल्कही पडत नाही. पण विझलेल्या निखाऱ्यासाठी रजा टाकून आयोगापुढे उभा राहणारा ग्राहक विरळाच.

राहता राहिला वाढपी. सळया किती निघाव्यात, कोळसा किती घालावा, एका वाढप्याने किती टेबले सांभाळावीत, यांपैकी काहीही त्याच्या हाती नसते. शिव्या मात्र त्याच्या वाट्याला येतात. जेवण संपता संपता तोच अजिजीने म्हणतो, “साहेब, मोबाइलवर पाच तारे द्या, आणि माझे नाव तेवढे लिहा.” त्याची बक्षिसी, क्वचित नोकरीही, त्या ताऱ्यांवर अवलंबून असते. समोरच्या घामेजलेल्या पोराकडे पाहून कुटुंबप्रमुखाचा राग निवळतो आणि तो पाच तारे देऊन टाकतो. कोरड्या कोंबडीची वार्ता मालकापर्यंत जाण्याची जी एक वाट होती, ती माणुसकीपोटीच अशी बंद होते. वाढप्याचे वेतन ताऱ्यांपासून तोडले आणि जेवणाविषयीचे मत व वाढप्याविषयीचे मत निरनिराळे विचारले, तर एवढ्यानेही मालकाला पुष्कळ कळेल. मात्र तारे कमी पडल्याने आज त्याचे काही बिघडत नाही. म्हणून ही सूचना ग्राहकांनीच, बिल चुकते करण्यापूर्वी, व्यवस्थापकाला बोलावून त्याच्या कानावर घालावी लागेल.