जुन्या जिप्सीत टर्बो: गैरसमज आणि वस्तुस्थिती

परळीच्या औष्णिक केंद्रातली राख वाहणारे हायवा काय आणि हंगामात उसाने लादलेले ट्रक काय, त्यांच्या इंजिनांना टर्बो असतोच. त्यामुळे हा शब्द इथल्या गॅरेजांना नवा नाही. अलीकडे मात्र तो कॉलेजच्या पोरांच्या तोंडी वेगळ्या ओढीने येतो. मोबाइलवर टोयोटा सुप्रा, निस्सान सिल्व्हिया अशा जुन्या जपानी स्पोर्ट्‌स गाड्यांत दुसरंच दांडगं टर्बो इंजिन बसवल्याचे व्हिडिओ दिसतात आणि मग प्रश्न येतो, आपल्याकडे का नाही?

ती गाडी आपल्याकडे येणंच मुळात अवघड. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, म्हणजे नव्वदच्या दशकातली सिल्व्हिया आणायचा रस्ता तिथेच संपतो. म्हणून आपल्याकडे ही हौस भागवली जाते ती जपानी वंशाच्या पण भारतात बनलेल्या जुन्या गाड्यांवर. त्यात पहिलं नाव मारुती जिप्सीचं. सुझुकी जिम्नीची ही लांब बहीण १९८५ मध्ये ९७० सीसीच्या इंजिनासह आली, १९९६ मध्ये तिला १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन मिळालं. ती स्पोर्ट्‌स कार नव्हे, पण रेड द हिमालयसारख्या रॅल्यांत वर्षानुवर्षं तिचाच दबदबा होता. तिच्यात बसवलं जाणारं लोकप्रिय इंजिन म्हणजे स्विफ्ट डिझेलचं १२४८ सीसीचं टर्बो. मूळ रचना फियाटची. मारुतीसाठी ते मानेसरला बनायचं आणि फियाटच्या आपल्या पुण्याजवळच्या रांजणगाव कारखान्यातही. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत ते होतं, म्हणून स्क्रॅपमध्ये ते सहज सापडतं. या एका उदाहरणावर बहुतेक गैरसमज तपासून बघता येतात.

सगळ्यात पक्का समज: मोठं इंजिन टाकलं की ताकद वाढते. इथे आकडेच उलटे आहेत. जिप्सीचं मूळ इंजिन १२९८ सीसीचं, नवं १२४८ सीसीचं, म्हणजे लहानच. शेवटच्या एमपीएफआय जिप्सीची अश्वशक्ती ८० च्या आसपास होती, या डिझेलची ७५. कागदावर गाडी कमजोर झाली. तरीही घाटात ती अंगात आल्यासारखी चढते, कारण टॉर्क. पेट्रोल इंजिन ४५०० आरपीएमला साधारण १०३ न्यूटन-मीटर देतं, तर डिझेल २००० आरपीएमलाच १९०. चाकाला मिळणारा हिसका जवळपास दुप्पट आणि तोही निम्म्या आरपीएमला. ज्याला आपण ‘पिकअप’ म्हणतो तो हाच. मात्र डिझेल इंजिन पेट्रोलएवढं वर फिरत नाही. गिअर आणि क्राउन-पिनियन जुनेच ठेवले तर गाडीचा वरचा वेग वाढण्याऐवजी कमी होतो. घाटासाठी इंजिन बदलणाऱ्याचं समाधान होईल. परळी-गंगाखेड रस्त्यावर वेगासाठी बदलणारा नाराज होईल.

टर्बो म्हणजे फुकटची शक्ती, असंही सर्रास म्हटलं जातं. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम वायूवर टर्बाइनचं चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा दाबून भरतं, एवढं खरं. आपल्या औष्णिक केंद्रातली टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते. मुठीत मावेल एवढ्या या चाकाचे फेरे लाखाच्या पुढे जातात. तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल काळं पडलं, कमी झालं किंवा घाट चढून आल्या-आल्या चावी फिरवून इंजिन बंद केलं, तर तापलेल्या दांड्यावरच तेल जळून कोळसा धरतं. मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवण्याची जुन्या ट्रकचालकांची सवय बरोबर आहे, त्यांनी ती अनुभवाने कमावली आहे.

दुसरी किंमत उष्णतेची, आणि मराठवाड्यात ती जास्तच मोजावी लागते. हवा दाबली की तापते. मे महिन्यातली ४२ अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत नेली, तर टर्बोतून बाहेर पडताना ती १३० ते १४० अंशांच्या घरात असते. ती थंड करायला इंटरकूलर हवा, इंटरकूलरला समोरून वारा हवा, आणि जिप्सीच्या तोंडाशी जागा थोडीच. अनेक जण तो रेडिएटरच्या पुढे ठोकून देतात, मग रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. जपानच्या थंड डोंगरात किंवा युरोपात नीट चालणारी जोडणी इथे उन्हाळ्यात उकळते ती यामुळे.

‘जपानी इंजिन काहीही सहन करतं’ हा समज सुप्राच्या इंजिनावरून आला. तीन लिटरच्या त्या टर्बो इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि खरोखर भक्कम आहे; जपानमध्ये कंपनीने २८० अश्वशक्ती सांगून विकलेल्या त्याच इंजिनातून लोकांनी कितीतरी पट ताकद काढली आहे. पण त्याच घराण्यातलं बिनटर्बोचं इंजिनही आहे. टर्बोवाल्याचा कॉम्प्रेशन रेशो ८.५, बिनटर्बोवाल्याचा १०. दुसऱ्यावर नुसता टर्बो लावला तर पेट्रोल वेळेआधी पेटतं, इंजिन ‘टकटक’ करू लागतं आणि पिस्टन फुटतो. नाव एक असलं तरी आतलं लोखंड वेगळं असतं, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

परदेशांतले यशस्वी प्रयोग जरा जवळून पाहिले तर एक गोष्ट दिसते. अमेरिकेत निस्सानने सिल्व्हियाची भावंडं २.४ लिटरच्या बिनटर्बो इंजिनासह विकली. तिथले लोक ते काढून दोन लिटरचं टर्बो बसवतात, आणि ते अगदी बेमालूम बसतं. का? कारण १९९१ पासून जपानमध्ये कंपनीने स्वतःच त्याच सांगाड्यात ते इंजिन दिलं होतं. खाचा, फाउंडेशन, गिअरबॉक्स सगळं कारखान्यात आधीच जुळलेलं. जिप्सीत स्विफ्टचं डिझेल कोणत्याही कारखान्याने कधी बसवलं नाही.

म्हणूनच ‘इंजिन बसलं की काम झालं’ हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. स्विफ्टमध्ये इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं फिरवतं. जिप्सीत ते उभं लागतं आणि मागे लांब प्रॉपेलर शाफ्टला जोडावं लागतं. मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये लेथवर जाड अडॅप्टर प्लेट तयार करावी लागते. ती प्लेट केसभर जरी वाकडी गेली, तर क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत. गाडी सुरू होते, गावात फिरतेही, आणि काही महिन्यांत क्लच, मग बेअरिंग, मग गिअरबॉक्सचा आवाज. मालक स्क्रॅपवाल्याला शिव्या देतो, दोष मात्र प्लेटचा असतो. तेलाची टाकी पुढच्या एक्सलवर आदळू नये म्हणून कापून पुन्हा जोडावी लागते. ती चुकली की घाटाच्या चढावर तेल एका बाजूला जातं आणि पंपाला हवा लागते.

त्यात हे कॉमन रेल डिझेल. अ‍ॅक्सिलरेटरला तार नाही, सेन्सर आहे. इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याचा पूर्ण वायरिंगचा गुच्छ, चावीतली चोरीविरोधी चिप, डिझेल फिल्टर, सगळं त्याच गाडीतून उचलावं लागतं. नुसतं इंजिन आणून बाकीचं जुळवू म्हणणाऱ्याची गाडी वायरमनच्या दारात महिनोन्‌महिने उभी राहते. वर, १०३ ऐवजी १९० न्यूटन-मीटरचा हिसका जिप्सीच्या मूळ गिअरबॉक्सला, प्रॉपेलरच्या क्रॉसला आणि क्राउन-पिनियनला रोज झेलावा लागतो. वजनाचंही तसंच: जुनं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, नव्याचा ब्लॉक बिडाचा. नाक जड होतं, पुढचे पाटे बसतात, स्टेअरिंग ओढायला लागतं.

आणि ब्रेक? ‘गाडी हलकी आहे, थांबते की’ असं ऐकलं की मला काळजी वाटते. ८० वरून १२० ला गेलात तर वेग दीडपट होतो, पण थांबवताना ब्रेकला पचवावी लागणारी ऊर्जा सव्वादोनपट. जिप्सीला पुढे डिस्क, मागे ड्रम आणि चारही बाजूंना पाटे. इंजिनावर लाखभर खर्चून ब्रेकला हात न लावणारा माणूस केवळ स्वतःचा जीव टांगणीला लावत नाही. अंबाजोगाईच्या रस्त्यावर समोरून एसटीही येत असते.

‘आरटीओत इंजिन नंबर चढवला की झालं’ हा समज मनापासून बाळगणारे खूप आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नेमकं याबद्दल आहे: कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जुनं इंजिन निकामी झालं म्हणून त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवायला नोंदणी कार्यालयाच्या मंजुरीने वाट आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीकडे जाण्यासाठी मान्यताप्राप्त किटचीही तरतूद आहे. पेट्रोलच्या जिप्सीत दुसऱ्या गाडीचं वापरलेलं डिझेल टर्बो यांपैकी कशातच बसत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

‘इतकी वर्षं कुणी धरलं नाही’ असं म्हणणाऱ्याने गाडीचं वय मोजावं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवायची तर पुन्हा पासिंग, आणि पासिंगला निरीक्षक चेसिस नंबरसोबत इंजिन नंबर बघतो. परळीकरांना त्यासाठी अंबाजोगाईचं एमएच-४४ चं कार्यालय. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक जिप्सी त्या वयाच्या आहेत किंवा त्याच्या जवळ. शिवाय अपघात झाला आणि आरसीवर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल निघालं, तर विमा कंपनीला नुकसानभरपाई नाकारायला आयतं कारण मिळतं.

मग हौसेचं काय करायचं? ती हौस मला खोटी वाटत नाही. जुनी गाडी जिवंत ठेवणाऱ्या पोरांच्या हातात खरं कसब असतं. जिप्सीच्या मूळ इंजिनाचं बोअर-पिस्टनचं काम, हेड प्लेन करणं, इंजेक्टर आणि सेन्सर नीट करणं, रेडिएटर नवा घालणं, हे सगळं कायद्यात बसतं आणि बहुतेक थकलेल्या गाड्या त्यानेच पुन्हा उभ्या राहतात. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र आधी बदला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, त्यातलं काही आपल्याच उसातून येतं, आणि जुनं रबर त्याने लवकर खराब होतं. गरम मॅनिफोल्डजवळ पाझरणारा पाइप म्हणजे आग. ज्यांना दुसरं इंजिन बसवून वेगाशीच खेळायचं आहे, त्यांनी ती गाडी रस्त्यावर न आणता एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट संघटनेच्या मान्यतेने होणाऱ्या ऑफरोड आणि रॅली स्पर्धांचे गटनियम वाचावेत. कोणत्या गटात किती बदल चालतो, रोल केज कसला हवा, हे तिथे लिहिलेलं असतं, आणि गाडी सुरुवातीच्या रेषेवर जाण्याआधी तपासनीस प्रत्येक बोल्ट बघतो.