पारा चढला की पैसे

उन्हामुळे गाडी लावली नाही, तर भाजीवालीचा त्या दिवसाचा गल्ला बुडाला. भरपाई मागणार कुणाकडे, आणि पुरावा कसला देणार? इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत उभ्या केलेल्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने यासाठी वेगळा विमा आणला. यात दावा नाही, पंचनामा नाही. ठरलेल्या भागाचं तापमान ठरलेले दिवस मर्यादेपलीकडे राहिलं, की रक्कम थेट खात्यात. (पीकविम्यासाठी हेलपाटे घातलेल्यांना हे खरं वाटणार नाही.) २०२३ मध्ये गुजरातेत सुरुवात झाली, पण त्या उन्हाळ्यात मर्यादाच ओलांडली गेली नाही, बायकांच्या हाती काही आलं नाही. २०२४ मध्ये राजस्थान आणि महाराष्ट्रही आले, आणि सुमारे ५० हजार विमाधारकांपैकी बहुतेकींना पैसे मिळाले.

खरी गोम ही मर्यादा ठरवण्यातच आहे. खाली ठेवली तर हप्ता परवडत नाही. वर ठेवली तर विमा कागदावरच. शिवाय मोजमाप बाहेरच्या हवेचं, आणि कित्येकींचं शिवणकाम चालतं घरात, तापलेल्या पत्र्याखाली. मुंबईत तर ३५ अंशांतही दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून शरीर निवत नाही. नुसत्या तापमानावर बेतलेल्या विम्याला हा उकाडा दिसतच नाही.