चकती दाबताच ऊब कशी मिळते?

थंड प्रदेशांत गिर्यारोहक व पर्यटक हात शेकण्यासाठी खिशात एक छोटी पारदर्शक पिशवी बाळगतात. आतील धातूची चकती दाबताच पिशवीतील द्रव काही सेकंदांत पांढरा व घट्ट होतो आणि पिशवी तापते. ना विद्युतघट, ना ज्वलन. मग ही ऊब येते कोठून?

पिशवीत सोडियम ॲसिटेट हा क्षार पाण्यासह असतो. या सजल क्षाराचा द्रवणांक 58 अंश सेल्सिअस आहे. तो पूर्ण वितळवून थंड केल्यास खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतो, कारण स्फटिक वाढण्यास लागणारे ‘बीज’ त्याला मिळत नाही. हीच अतिशीतित अवस्था होय. चकती वाकवल्यावर तिच्या सूक्ष्म भेगांतील स्फटिककण मोकळे होऊन बीजाचे काम करतात, असे मानले जाते. स्फटिकीभवन झपाट्याने पसरते आणि वितळताना शोषलेला अप्रकट उष्मा (प्रतिकिलो सुमारे 260 किलोज्यूल) बाहेर पडू लागतो.

पुनर्वापरासाठी पिशवी सर्व स्फटिक वितळेपर्यंत उकळत्या पाण्यात ठेवावी लागते. एखादा स्फटिक उरला, तरी थंड होताना ती आपोआप घट्ट होते. थोडक्यात, ही पिशवी उष्णता निर्माण करीत नाही. चुलीवर मिळालेली उष्णता जपून ठेवते. तिचे तापमान 50 अंशांपलीकडे जाऊ शकते. म्हणून लहान मुले, वृद्ध आणि मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींनी ती कापडात गुंडाळूनच वापरावी.