मिनिटाला बेचाळीस थेंब

एक लीटर सलाईन आठ तासांत चढवायचं आहे. हातातल्या सेटचे २० थेंब म्हणजे एक मिलिलीटर. मग मिनिटाला किती थेंब सोडायचे? उत्तर आहे सुमारे ४२. पण बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्याला ते कागदावर लिहून सुटता येत नाही. नळीवरचं चाक फिरवत, सेकंदकाट्यावर नजर ठेवून तेवढेच थेंब पडताना दाखवावे लागतात. लहान मुलासाठी मायक्रो सेट लावला, तर एका मिलिलीटरचे ६० थेंब होतात आणि गणित पुन्हा नव्याने मांडावं लागतं.

इंजेक्शन द्यायचं, ड्रेसिंग करायचं आणि डॉक्टर सांगतील ते ऐकायचं, एवढंच नर्सचं काम असतं असं अनेकांना वाटतं. चार वर्षांचा अभ्यासक्रम नुसता चाळला तरी हा समज टिकत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये तो बदलून सत्रपद्धतीचा केला. एकूण आठ सत्रं. महाराष्ट्रात बहुतेक कॉलेजांची परीक्षा आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. प्रवेश मुलींना तसाच मुलांनाही. याखेरीज तीन वर्षांचा जीएनएम आणि दोन वर्षांचा एएनएम हे पदविकेचे रस्ते आहेतच.

पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र असणार, हे कुणीही सांगेल. सोबत समाजशास्त्र आणि मानसशास्त्रही असतं, तेव्हा बरेच जण बुचकळ्यात पडतात. पुढे वॉर्डात गेल्यावर उलगडा होतो. मधुमेहाच्या आजोबांना पथ्य नीट समजावलं, पण घरी स्वयंपाक सून करते आणि ती त्या वेळी समोरच नव्हती, तर अर्धं काम वाया गेलं. आहारशास्त्राच्या प्रात्यक्षिकात म्हणूनच पुस्तकी तक्त्यांवर भागत नाही. रुग्ण जे खातो ती भाकरी, ते वरण आणि ती पालेभाजी हिशेबात धरूनच त्याचा दिवसभराचा आहार बसवावा लागतो.

याच वर्षातला सगळ्यात मोठा विषय म्हणजे नर्सिंग फाउंडेशन. तो सुरू होतो डेमो रूममध्ये, पुतळ्यासमोर. हात धुणं, तापमान, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजणं, अंथरुणावरच्या रुग्णाला आंघोळ घालणं, अंथरूण घालणं. चादर ताणून तिचे कोपरे गादीखाली घट्ट खोचायचे, एक सुरकुती राहता कामा नये. हा टापटिपीचा हट्ट नाही. हालचाल न करू शकणाऱ्या रुग्णाच्या माकडहाडापाशी, टाचांवर सतत दाब पडला की तिथला रक्तपुरवठा तुटतो, त्वचा मरते, जखम होते; हाच बेडसोअर. सुरकुती आणि ओल त्यात भर घालतात. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची आणि प्रत्येक वेळी त्वचा पाहायची.

हे धडे पाळले गेले तर काय साधतं, याचा दाखला मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण शुश्रूषेत खंड पडला नाही. त्यांना बेडसोअर होऊ न देणाऱ्या या सेवेची सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात आवर्जून प्रशंसा केली.

नर्सिंगचं शास्त्र वैद्यकापेक्षा वेगळं कुठे आहे, हे कळतं ते केअर प्लॅन लिहायला घेतल्यावर. डॉक्टरांच्या कागदावर निदान असतं ‘न्यूमोनिया’. विद्यार्थिनीच्या वहीत त्याच रुग्णाचं निदान असतं: कफ घट्ट आणि खोकला क्षीण, त्यामुळे श्वासमार्ग मोकळा राहत नाही. मग उद्दिष्ट, मग उपाय: डोक्याकडची बाजू उंच, दीर्घ श्वासाचे व्यायाम, चालत असेल तर भरपूर कोमट पाणी, ठरावीक वेळाने ऑक्सिजनची नोंद. शेवटी उपायाचा उपयोग झाला की नाही, याचं मूल्यमापन. औषध डॉक्टरांनी लिहून दिलेलं असतं. बाकीचा विचार तिचा असतो. डॉक्टर राउंड घेऊन जातात, तर रुग्णाजवळ चोवीस तास कुणी ना कुणी परिचारिका असते. रुग्णात पडलेला फरक सगळ्यांच्या आधी तिला दिसायला हवा आणि दिसलेलं लगेच नोंदवता, कळवता यायला हवं.

दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि विकृतिशास्त्र येतं, आणि चुकीला जागा उरत नाही. भारतात सिरिंजने द्यायचं इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांमध्ये मिळतं: मिलिलीटरला ४० युनिट आणि १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर रुग्णाला अडीचपट डोस जातो आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही घोकंपट्टी त्यासाठीच.

इंजेक्शन दिल्यावरही काम संपत नाही. सुई पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात. सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत. काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. कचरा उचलणाऱ्या मावशींच्या हाताला सुई लागणार की नाही, हे इथे ठरतं.

तिसऱ्या वर्षी रुग्णालयाच्या भिंती ओलांडाव्या लागतात. सार्वजनिक आरोग्यासाठी गावात गृहभेटी असतात. तिथे बॅग उघडण्याचीही पद्धत आहे: आधी वर्तमानपत्र पसरून त्यावर बॅग ठेवायची, मग हात धुवायचे, मगच आत हात घालायचा, एका घरातला संसर्ग दुसऱ्या घरी न्यायचा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये का ठेवायची, ते कळतं. मानसिक आरोग्याच्या विषयात रुग्णाशी झालेला संवाद शब्दशः लिहून काढायचा असतो: तो काय म्हणाला, आपण काय उत्तर दिलं, त्या क्षणी आपल्याला काय वाटलं. स्वतःचं बोलणं असं कागदावर वाचताना उगाच दिलेले उपदेश लगेच खटकतात.

नव्या अभ्यासक्रमात न्यायवैद्यक परिचर्याही आहे. अत्याचारग्रस्त व्यक्तीला धीर देतानाच पुरावा कसा जपायचा, हे त्यात शिकवतात. कपडे प्लास्टिकमध्ये भरले तर ओलीने पुरावा नासतो, म्हणून कागदी पिशवी वापरायची.

प्रसूतिशास्त्र सहाव्या आणि सातव्या सत्रात. पार्टोग्राफवर गर्भाशयाचं मुख किती उघडलं, बाळाचे ठोके किती, कळा किती याचा आलेख काढायचा. आलेख सावधरेषेच्या उजवीकडे सरकला की वेळ न दवडता डॉक्टरांना कळवायचं. बाळ जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला त्याची तब्येत जोखणारे अपगार गुण द्यायचे. संशोधन आणि संख्याशास्त्रही आहे, व्यवस्थापनही आहे. शेवटचं सत्र पूर्ण इंटर्नशिपचं, प्रत्यक्ष वॉर्डातल्या ड्यूटीचं. पदवीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की मगच काम करता येतं.

हे सगळं वर्गात बसून येत नाही, आणि प्रवेश घेताना नेमकं इथेच पालक फसतात. इमारत आणि वसतिगृह पाहतात, रुग्णालय पाहायचं राहून जातं. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे का, संलग्न रुग्णालयात किती खाटा आहेत आणि त्यातल्या किती भरलेल्या असतात, प्रसूती विभाग चालतो का, वॉर्डात विद्यार्थ्यांसोबत शिक्षक उभे असतात का, हे विचारा. शक्य असेल तर तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा आणि मगच फी भरा.