दोन पाळ्या : मेंदूतील घड्याळ आणि ऋतुचक्र

'पाळी' हा शब्द मराठीत कामाच्या ठराविक वेळेस लावतात, तसाच स्त्रीच्या मासिक धर्मासही. नारायण पेठेत, केसरीवाड्याच्या आसमंतात, 'रात्रपाळी' म्हणजे काय हे कोणास सांगावयास नको. दोन्हींकडे अर्थ एकच : क्रमाने येणारी वेळ. परंतु या दोन पाळ्यांचा संबंध केवळ शब्दापुरता नाही, शारीरिकही आहे.

दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकांस छेदतात, त्याच्या लगेच वर सुमारे २०,००० चेतापेशींचे एक जोडकेंद्र असते. दृष्टिपटलाकडून आलेल्या प्रकाशाच्या वार्तेवरून ते शरीराचा दिवस सूर्याच्या दिवसाशी जुळवून घेते. या घड्याळाची जागा १९७२ साली उंदरांवरील प्रयोगांनी निश्चित झाली. त्याचा अंमल मात्र त्यापूर्वीच प्रत्ययास आला होता. एव्हरेट आणि सॉयर यांनी १९५० साली मोठ्या उंदराच्या मादीस, बीजोत्सर्ग व्हावयाच्या आदल्या दुपारी, साधारण दोन ते चारच्या सुमारास गुंगीचे औषध दिले. त्या रात्री बीजोत्सर्ग झाला नाही. येथवर नवल नाही. नवल हे, की तो औषध उतरताच न होता बरोबर २४ तासांनी लांबला! बीजकोश सिद्ध होता. चुकली होती ती वेळ.

म्हणजे येथे दोन गोष्टी जुळाव्या लागतात. बीजकोशातून पाझरणारे ईस्ट्रोजेन वाढले, की अनुमती मिळते. मुहूर्त मात्र घड्याळ देते. उंदरांत हे दोन्ही निरोप किसपेप्टिन तयार करणाऱ्या चेतापेशींपाशी एकत्र येतात. (त्याचे जनुक १९९६ साली पेनसिल्व्हेनियातील हर्शी गावी सापडले आणि तेथील 'किसेस' चॉकलेटवरून त्यास नाव मिळाले, परिभाषा घडविणाऱ्या आमच्या समित्यांना एवढी मोकळीक कधी सुचली नसती.) या पेशी पुढील चेतापेशींना चेतवितात, त्यांच्या संदेशाने पोष ग्रंथीतून ल्यूटिनकारी संप्रेरकाची लाट उसळते आणि बीज सुटते.

स्त्रियांत हे बंधन इतके कठोर नाही. लाट बहुधा पहाटे वा सकाळी सुरू होते, एवढेच. महिन्याची लांबी बीजकोश ठरवितो. 'मास' या शब्दात चंद्र दडलेला आहे, म्हणून ऋतुचक्र चंद्रावर चालते असे मात्र समजू नये.

तरीही घड्याळ विसकटल्याच्या खुणा दिसतात. अमेरिकेतील ७१,०७७ परिचारिकांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वीस वा अधिक महिने फिरत्या पाळीत काम केलेल्यांमध्ये अनियमित ऋतुचक्राचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी अधिक आढळले. हा सहसंबंध आहे. कारण सिद्ध झालेले नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना रात्रीचे काम सामान्यतः वर्ज्य केले होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने संमतीने ते खुले केले; तेथे भर आहे तो सुरक्षेवर आणि घरापर्यंतच्या वाहनावर. आमच्या मते जुन्या बंदीकडे परतण्यास वरील आकडे आधार देत नाहीत. पाळ्या किती वेळा फिरवाव्यात, हा प्रश्न मात्र त्यांतून उभा राहतो. आणि पाळी अनियमित झाली म्हणून आलेल्या परिचारिकेस वैद्याने तिची दुसरी पाळी कोणती, हेही विचारावयास हवे.