मरळ माशाची पकड : ऋतू आणि रीत

विंचूर परिसराची ख्याती कांदा व द्राक्षे यांसाठी आहे. तथापि गोदावरी खोऱ्यातील डोह, ओढे व गावतळी यांतून मिळणारा मरळ मासाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. यात काटे कमी असतात व पाण्याबाहेर तो बराच वेळ जिवंत राहतो, म्हणून बाजारात त्यास चांगली मागणी असते. हे उत्पन्न टिकावयाचे असेल, तर पकड ऋतुमान पाहून केली पाहिजे.

पावसाळा : मृगाच्या सरींनी ओढे वाहू लागताच अंड्यांवर आलेले मासे उथळ पाण्याकडे धाव घेतात. हेच चढणीचे मासे होत. ओढ्यात जाळे आडवे लावून ते धरण्याची चाल अनेक गावी आहे. त्या दिवशी टोपली भरते खरी; परंतु प्रत्येक मादीबरोबर हजारो अंडी नष्ट होतात. बियाणे दळून खाण्यासारखाच हा प्रकार आहे.

मरळ माशाच्या बाबतीत हानी दुहेरी होते. हा मासा पाणवनस्पतींत अंडी घालून पिलांची राखण करतो. तांबूस पिलांचा थवा दिसला की खाली मोठा मासा आहे, असे ओळखून तेथे गळ टाकला जातो. राखणदार गेला की इतर मासे पिले फस्त करतात. म्हणून पावसाळ्यात मरळ धरू नये.

हिवाळा : आश्विन-कार्तिकात पिले पांगलेली असतात, तेव्हा पकडीस आरंभ करावा. मरळ हवा घेण्यासाठी वरचेवर पृष्ठभागावर येतो, त्यावरून त्याची जागा कळते. शेवाळाच्या कडेस सकाळ-संध्याकाळ बेडूक किंवा लहान मासा लावून गळ टाकावा. दोरी मजबूत असावी. निफाड तालुक्यातील कडाक्याच्या थंडीत मासा सुस्त होतो. त्या दिवसांत ऊन चढल्यावर गळ टाकणे बरे.

उन्हाळा : पाणी आटू लागले की पकड सोपी होते. तरीही एखादा खोल डोह राखून ठेवावा. पुढील पावसाळ्याचे बीज तेथेच उरते. विष किंवा सुरुंग यांचा वापर १८९७ च्या कायद्यापासूनच निषिद्ध आहे.

शेततळे असल्यास : कटला, रोहू व मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत, त्यांची बोटुकली विकत आणून सोडावी लागते. मरळ ती खातो. म्हणून बोटुकली सोडण्यापूर्वी शेततळ्यातील मरळ जाळ्याने काढून टाकावेत.

नांदूरमध्यमेश्वर हे १९८६ पासून अभयारण्य आहे व २०२० मध्ये ते रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. तेथे विनापरवाना मासेमारी करू नये. तसेच जे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले आहेत, तेथे संस्थेची संमती घ्यावी.

ग्रामसेवकांनी मृगापूर्वीच ग्रामसभेत हा विषय मांडावा आणि चढणीचे मासे न धरण्याचा ठराव करून घ्यावा. एका पावसाळ्यातील संयमाचे फळ पुढील हंगामांत गावासच मिळेल.