आगोट, गावकी आणि चाकरमानी

मांडव्याच्या धक्क्यावर निरभ्र दिवशी उभे राहिले असता पलीकडे मुंबईच्या इमारतींची रांग दृष्टीस पडते. रायगडच्या किनाऱ्याचे सारे जीवन या दोन तीरांमधल्या देवघेवीवर उभे आहे. कारण येथील मासळी, सुपारी आणि शहाळी मुंबईस जातात, येथील तरुण चाकरीसाठी मुंबईस जातात, आणि तिकडून पैसा, पर्यटक व सणासुदीला घरची माणसे इकडे येतात. मार्च 2020च्या मध्यास भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह उतारू आणणारी रो-रो बोट मांडव्यास येऊ लागली, आणि पुढच्या काही दिवसांतच करोनाच्या साथीमुळे टाळेबंदीचा हुकूम सुटून ती बोट, रेवसच्या लाँची आणि एस. टी.च्या गाड्या या साऱ्यांनाच खीळ बसली. ज्या व्यवहारावर हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या जगला, तो एकाएकी खंडित झाल्यावर येथील माणसे कशाच्या बळावर तगली, याचा विचार पुढल्या संकटाच्या दृष्टीनेही अगत्याचा आहे.

शासनाने निर्बंध जारी केले ते 1897च्या साथरोग कायद्याच्या आधारे, आणि तो कायदा जन्मास आला तो मुंबईच्या प्लेगमुळे. 1896च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात प्लेगचे निदान झाले, आणि पुढील काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. त्यांत गिरणी-गोदीत राबणारा आणि रत्नागिरी व तेव्हाच्या कुलाबा (म्हणजे आजच्या रायगड) जिल्ह्यातून आलेला कोकणी कामकरी मोठ्या संख्येने होता. शहर रोगाने ग्रासले म्हणजे किनाऱ्याने आपली माणसे पोटाशी घ्यावी, आणि त्याच वेळी त्यांच्यासोबत रोग येईल या धास्तीने व्याकुळही व्हावे, हे द्वंद्व या भूमीस नवे नव्हते.

पहिला आधार मिळाला तो आगोटीचा. पावसाळ्यात दर्या खवळतो, होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढल्या जातात, म्हणून चैत्र-वैशाखातच तांदूळ, कुळीथ, आमसुले, सुके बोंबील, जवळा आणि कांद्याच्या माळा यांची बेगमी करून ठेवण्याची येथील घरोघरची रीत आहे; तीच आगोट. टाळेबंदी आली ती नेमकी याच हंगामात. एप्रिलमध्ये मासेमारीस मुभा मिळाली खरी, परंतु बर्फ, डिझेल आणि मुंबईचा बाजार यांची साखळी तुटलेली असल्याने ताज्या मासळीस उठाव नव्हता; तेव्हा विकली न जाणारी मासळी वाळविणे हाच एक मार्ग उरला. अलिबागच्या कार्ले, खंडाळे या बाजूंस भातानंतरच्या ओलाव्यावर पिकणारा पांढरा कांदा रस्त्याच्या कडेला माळा टांगून पर्यटकांना विकला जातो. पर्यटकच नाहीत म्हटल्यावर शेतकऱ्याचा रोख पैसा बुडाला. आगोटीने पोट भागले. कर्जाचा हप्ता आणि औषधाचा खर्च तिने भागला नाही.

दुसरा आधार गावकीचा. देवळाचा उत्सव, पाण्याची वाटणी, मयताचे सामान, भावकीतील तंटे यांचा कारभार पाहणारी ही व्यवस्था कोकणात जुनी आहे, आणि तिचेच दुसरे अंग म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचे मंडळ. टाळेबंदीत कोणी महामार्गाने पायी, तर कोणी रात्री मच्छीमारी होडीतून गाव गाठू लागले, तेव्हा अनेक गावांनी वेशीवर झाडे आडवी टाकली. ज्याच्या वर्गणीतून देऊळ उभे राहिले त्याच चाकरमान्यास वेशीबाहेर थांबविण्याचा तो कटू प्रसंग होता. पण बहुतेक ठिकाणी तोड निघाली ती चर्चेनेच: शाळेच्या खोल्या उघडल्या, ग्रामपंचायतीने पाण्याची व दिव्याची तजवीज केली, घरच्यांनी जेवणाचा डबा दारात ठेवून मागे सरावे असा दंडक पडला, आणि आशा सेविका रोज ताप पाहून नोंदी ठेवू लागल्या.

हे बस्तान बसते न बसते तोच 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाचे वारे घेऊन या किनाऱ्यावर आदळले. अंतर राखा असे सांगणाऱ्या साथीत एकाच छपराखाली दाटीने बसण्याची वेळ आली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड येथील नारळी-पोफळीच्या वाड्या मुळासकट कोसळल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती येण्यास पाच-सात वर्षे लागतात, म्हणजे बागाइतदाराचे ते नुकसान एका हंगामाचे नव्हतेच. टाळेबंदीमुळे परप्रांतीय कारागीर निघून गेलेले, पत्रे-कौले मिळेनाशी झालेली आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नाही, अशा वेळी ज्यांना वेशीवर अडविले होते तेच तरुण घरांवर चढून ताडपत्री बांधू लागले, पडलेली झाडे तोडून रस्ते मोकळे करू लागले आणि मुंबईच्या मंडळांकडून आलेले धान्य वाटू लागले. त्या पावसाळ्यात गाव आणि चाकरमानी यांच्यातील अढी पुष्कळ अंशी विरघळली, असे माझे मत आहे. ऑगस्टमधील गणेशोत्सवासाठी येणाऱ्यांना दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट होती, तिचे पालन करणे त्यामुळेच सुकर झाले.

तथापि या चित्रात एक मोठी उणीव आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबे हंगाम अर्धवट टाकून परतली, तेव्हा त्यांच्या वाडीत आगोट नव्हती, मुंबईचे मंडळ नव्हते, आणि गावकीच्या बैठकीत त्यांचा आवाजही नव्हता. रेशनकार्ड ज्यांच्याजवळ नव्हते त्यांना सरकारी मोफत धान्य मिळणेही कठीण होते. त्यांची भूक भागली ती कार्यकर्त्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या सद्भावनेवर. ज्या व्यवस्थेचा पाया नात्यागोत्याचा असतो, तिची कृपादृष्टी नात्याबाहेरच्यांपर्यंत आपोआप पोहोचत नाही.

म्हणून या अनुभवातून निष्कर्ष काढायचा तो परंपरेचा गौरव करून थांबणारा नसावा. किनाऱ्यावरील प्रत्येक शाळा वादळात आश्रयस्थान व साथीत विलगीकरणगृह अशा दुहेरी उपयोगासाठी पक्की बांधावी; ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी सार्वजनिक आगोट भरावी आणि तिचा पहिला हक्क कातकरी वाडीस द्यावा; गावाच्या बैठकीत त्या वाडीचा प्रतिनिधी असावाच; आणि आशा सेविकांना त्यांच्या जोखमीच्या प्रमाणात नियमित वेतन मिळावे. मे 2021 मध्ये, दुसरी लाट ओसरलेली नसतानाच, तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. रोग आणि वादळ येथे पुन्हाही एकत्र येऊ शकतात, हे त्याने सिद्ध केले. माणसांच्या चांगुलपणाने दोन वर्षे निभावली, पण त्या चांगुलपणावर सगळा भार पुन्हा टाकण्याचा अधिकार शासनास नाही आणि आपणांसही नाही.